अमेरिकी हाउसमधली कुठली खुर्ची डळमळते आहे, हे ओळखायचं कसं?

अमेरिकी संसदेचं कनिष्ठ सभागृह असलेल्या हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्जच्या सगळ्या ४३५ जागांसाठी दर दोन वर्षांनी निवडणूक होते आणि पुन्हा उभ्या राहिलेल्या विद्यमान सदस्यांपैकी साधारणपणे नव्वद टक्क्यांहून जास्त सदस्य परत निवडून येतात. तरीही बहुमत फिरतं, आणि ते उरलेल्या मूठभर जागांवर फिरतं. २०२४ मध्ये रिपब्लिकनांना २२० आणि डेमोक्रॅट्सना २१५ जागा मिळाल्या. तीन जागा इकडच्या तिकडे झाल्या असत्या तर स्पीकर दुसऱ्या पक्षाचा झाला असता. पुढचं मतदान ३ नोव्हेंबर २०२६ ला आहे.

न्यू जर्सी, मिशिगन किंवा कॅलिफोर्नियात नुकतंच नागरिकत्व घेतलेल्या, पहिल्यांदाच मत देणार असलेल्या मराठी मंडळींना डोळ्यांपुढे ठेवून हा लेख लिहितो आहे. आपला वेळ आणि आपली देणगी कुठे उपयोगी पडेल, हे कळायचं असेल तर काठावरची जागा ओळखता आली पाहिजे. पुण्या-नाशकात बसून हौसेने अमेरिकेचं राजकारण बघणाऱ्यांनाही हीच पद्धत चालेल.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनावर बिंबवायला हवी. आपल्याला राजकारण माणसापासून वाचायची सवय आहे: नेता कसा आहे, त्याचा गट कोणता, त्याने कोणाला दुखावलं. अमेरिकी टीव्हीही तेच करतो. हाउसच्या बाबतीत हा क्रम उलटा लावा. आधी मतदारसंघ बघा, मग हवा बघा आणि माणूस सगळ्यात शेवटी. क्रम चुकला की टीव्हीवर रोज ओरडणारा सदस्य धोक्यात वाटतो, आणि खरोखर धोक्यात असलेल्या सदस्याचं नावही आपल्याला माहीत नसतं.

पायरी १: यादी छोटी करा

एक साधी स्प्रेडशीट उघडा. सगळे ४३५ मतदारसंघ त्यात भरायची गरज नाही.

विद्यमान सदस्य पुन्हा उभा आहे का, हे आधी तपासा. नेब्रास्काच्या दुसऱ्या मतदारसंघातले डॉन बेकन आणि मेनच्या दुसऱ्या मतदारसंघातले जॅरेड गोल्डन हे दोघं वर्षानुवर्षं अशा याद्यांच्या अग्रभागी असायचे. दोघांनीही २०२६ ला उभं राहणार नसल्याचं २०२५ मध्येच जाहीर केलं. अशा मोकळ्या जागा वेगळ्या पानावर ठेवा, त्यांचं गणित निराळं असतं.

मग दोन प्रकारची नावं उचला. पहिला प्रकार, मागच्या वेळी पाच-सहा टक्क्यांच्या आत जिंकलेले. दुसरा प्रकार, ज्यांच्या मतदारसंघात अध्यक्षपदासाठी विरुद्ध पक्षाचा उमेदवार पुढे होता असे. २०२४ मध्ये ट्रम्प यांनी जिंकलेल्या १३ मतदारसंघांतून डेमोक्रॅट निवडून आले आणि हॅरिस यांनी जिंकलेल्या फक्त ३ मतदारसंघांतून रिपब्लिकन. एकूण १६. १९८४ मध्ये असे उलटसुलट मतदारसंघ जवळपास १९० होते. अध्यक्षपदासाठी एका पक्षाला आणि हाउससाठी दुसऱ्याला मत देणारा मतदार आता फार कमी उरला आहे. म्हणूनच मतदारसंघाचा कल आज माणसापेक्षा जास्त बोलतो.

शेवटी पक्षांच्या स्वतःच्या याद्या बघा. डेमोक्रॅट्सची हाउस प्रचारसमिती आपल्या धोक्यातल्या सदस्यांची यादी 'फ्रंटलाइन' नावाने जाहीर करते, तर रिपब्लिकनांची समिती 'पेट्रियट' नावाने. आमची ही माणसं अडचणीत आहेत, असं पक्षच सांगतो आहे. नवख्या माणसाला याहून सोपी सुरुवात मिळणार नाही.

एवढं झालं की साठ-सत्तर नावं हातात येतात. पुढचं सगळं काम त्यांच्यावर.

पायरी २: मतदारसंघाचा कल मोजा

यासाठी कुक पॉलिटिकल रिपोर्ट या निवडणूक-विश्लेषण करणाऱ्या प्रकाशनाचा पीव्हीआय हा निर्देशांक सगळीकडे वापरतात. गेल्या दोन अध्यक्षीय निवडणुकांत तो मतदारसंघ देशाच्या सरासरीपेक्षा कुठल्या बाजूला किती झुकला, एवढंच तो सांगतो. 'डी+५' म्हणजे देशाच्या मानाने पाच टक्के डेमोक्रॅटिक आणि 'आर+३' म्हणजे तीन टक्के रिपब्लिकन. ताज्या निवडणुकीला त्यात जास्त वजन असतं. विद्यमान सदस्य विरुद्ध कलाच्या जागेवर बसला असेल, किंवा त्याच्या बाजूचा कल तीन-चारपेक्षा कमी असेल, तर त्या ओळीला रंग द्या.

नकाशा बदलला आहे का, हे मात्र आधी बघाच. एरवी मतदारसंघांच्या सीमा दर दहा वर्षांनी, जनगणनेनंतर बदलतात. २०२५ मध्ये टेक्सस, कॅलिफोर्निया, मिसुरी, नॉर्थ कॅरोलिना आणि ओहायो या राज्यांनी मध्येच नवे नकाशे आणले. टेक्ससच्या नकाशाचा रोख डेमोक्रॅट्सच्या पाच जागांवर होता. त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये 'प्रपोझिशन ५०' मंजूर केलं, त्याचा रोख रिपब्लिकनांच्या पाच जागांवर. नॉर्थ कॅरोलिनात डेमोक्रॅट डॉन डेव्हिस यांच्या मतदारसंघाची हद्द त्यांना अवघड जाईल अशी फिरवली. अशा ठिकाणी सदस्याचं मागच्या वेळचं मताधिक्य जवळजवळ निरुपयोगी ठरतं, कारण ते ज्यांनी दिलं ते मतदार आता शेजारच्या मतदारसंघात गेलेले असतात. नव्या सीमांच्या आत २०२४ चं अध्यक्षीय मतदान कसं झालं होतं, तोच आकडा शोधायचा. 'द डाउनबॅलट' हे संकेतस्थळ असे आकडे काढून प्रसिद्ध करतं. मतदारसंघाचा क्रमांक तोच दिसला म्हणून मतदारसंघही तोच आहे, असं समजू नका.

पायरी ३: हवा कुठली आहे

मध्यावधी निवडणुकीत, म्हणजे अध्यक्षांच्या चार वर्षांच्या मुदतीच्या मध्यावर येणाऱ्या निवडणुकीत, त्यांच्या पक्षाच्या हाउसमधल्या जागा घटतात. गेल्या शंभर वर्षांत १९३४, १९९८ आणि २००२ एवढेच अपवाद झाले. किती घटतात, यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो. २०१० मध्ये डेमोक्रॅट्सनी ६३ जागा गमावल्या, २०१८ मध्ये रिपब्लिकनांनी चाळीसएक. २०२२ मध्ये डेमोक्रॅट्सचं नुकसान जेमतेम नऊ-दहा जागांवर थांबलं.

हवेचा अंदाज तीन ठिकाणांवरून घ्या. अध्यक्षांच्या कामाला किती लोक पसंती देतात, हा पहिला आकडा. दुसरा, 'हाउससाठी तुम्ही कुठल्या पक्षाला मत द्याल?' या राष्ट्रीय प्रश्नाची सरासरी. एकाच पाहणीवर जाऊ नका, सरासरीच घ्या. तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे पोटनिवडणुका. तिथे लोकांनी खरोखर मत दिलेलं असतं. २ डिसेंबर २०२५ ला टेनेसीच्या सातव्या मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. वर्षभरापूर्वी ट्रम्प यांनी तिथे वीसपेक्षा जास्त टक्क्यांनी बाजी मारली होती. या वेळी रिपब्लिकन उमेदवार सुमारे नऊ टक्क्यांनी जिंकला. जागा राहिली, पण पायाखालची वाळू किती सरकली ते दिसलं. अशा एकाच निकालावर मत बनवू नका. पाच-सहा निकाल एकाखाली एक मांडा आणि फरक एकाच दिशेने जातो आहे का, ते पाहा.

२०२२ मध्ये या सवयीचा मोठा उपयोग झाला असता. सगळीकडे 'लाल लाट', म्हणजे रिपब्लिकनांची लाट येणार असा घोष चालला होता. पण जूनमध्ये गर्भपाताच्या हक्काबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि त्यानंतर ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या एकोणिसाव्या मतदारसंघातली पोटनिवडणूक पॅट रायन या डेमोक्रॅटने जिंकली. पुढे लाट आलीच नाही.

पायरी ४: आता माणूस

ही पायरी सगळ्यात रंजक आहे आणि घसरायला होतं तेही इथेच. न्यू जर्सीचा सातवा मतदारसंघ घेऊ. हंटरडन, वॉरन, सॉमरसेट या भागांतला हा मतदारसंघ आपल्या बऱ्याच लोकांच्या परिचयाचा आहे.

२०१६ मध्ये इथे रिपब्लिकन लिओनार्ड लान्स ११ टक्क्यांनी जिंकले. त्याच दिवशी त्याच मतदारांनी अध्यक्षपदासाठी हिलरी क्लिंटन यांना किंचित पुढे ठेवलं होतं. म्हणजे लान्स यांची स्वतःची अशी बारा टक्क्यांची पुंजी होती. शिवाय ते मवाळ. आरोग्यविमा कायदा मोडीत काढायच्या विधेयकाला त्यांनी २०१७ मध्ये विरोध केला. त्याच वर्षी पक्षाचं करविधेयक आलं. त्यात राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीवर दहा हजार डॉलर्सची मर्यादा होती, आणि घरपट्टीच भरमसाट असलेल्या या भागाला ती झोंबणार हे उघड होतं. लान्स यांनी त्यालाही विरोध केला. मतदारसंघासाठी पक्षाविरुद्ध दोनदा उभं राहण्यापेक्षा आणखी काय करायचं? तरीही २०१८ मध्ये टॉम मालिनोव्स्की या डेमोक्रॅटने त्यांना पाच टक्क्यांनी हरवलं. बारा टक्क्यांची पुंजी एका मध्यावधीत साफ झाली.

पुढे २०२० मध्ये बायडन यांनी या मतदारसंघात जवळपास दहा टक्क्यांची आघाडी घेतली. मालिनोव्स्की मात्र टॉम कीन ज्युनियर यांच्यापुढे जेमतेम एका टक्क्याने तरले. अध्यक्षपदाच्या उमेदवाराला दहा आणि सदस्याला एक, ही धोक्याची घंटा होती. नंतर शेअर्सचे व्यवहार वेळेत जाहीर न केल्याचं प्रकरण त्यांच्यावर शेकलं, आणि त्यात नव्या नकाशाने मतदारसंघ रिपब्लिकनांकडे सरकला. २०२२ मध्ये कीन यांनी जागा घेतली. २०२४ मध्ये ट्रम्प तिथे एक-दोन टक्क्यांनी पुढे राहिले, कीन पाचएक टक्क्यांनी.

आता हेच आकडे पुढच्या निवडणुकीसाठी वापरून पाहू. २०२४ मध्ये ट्रम्प देशभरात दीड टक्क्याने पुढे होते. म्हणजे हा मतदारसंघ देशाच्या सरासरीच्या जवळपास आहे, कल शून्य धरा. समजा, नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय हवा डेमोक्रॅट्सच्या बाजूने पाच टक्के आहे. मग मतदारसंघ डेमोक्रॅट्सकडे पाचने झुकलेला मिळेल. त्यातून कीन यांची स्वतःची पुंजी वजा करा. ते ट्रम्प यांच्यापेक्षा तीन-चार टक्के सरस ठरले होते. उरला एक-दोन टक्क्यांचा फरक, तोही विरोधकाच्या बाजूने. म्हणजे जागा अगदी काठावर. हवा दोन टक्केच असेल तर कीन तरतात, आठ टक्के असेल तर जातात. तुमच्या यादीतल्या प्रत्येक नावाला हे गणित कागदावर दोन मिनिटांत लावता येतं.

पुंजी वजा करताना हात आखडता घ्या. लाटेत ती अर्धीच धरलेली बरी. सबंध टिकणारी माणसं असतात, पण फार थोडी. पेनसिल्व्हेनियाच्या बक्स काउंटीतले रिपब्लिकन ब्रायन फिट्झपॅट्रिक २०२० मध्ये बायडन यांनी जिंकलेल्या मतदारसंघातून तेरा टक्क्यांनी निवडून आले, आणि २०१८ च्या लाटेतही टिकले होते. दुसरीकडे मिनेसोटाच्या सातव्या मतदारसंघातले डेमोक्रॅट कॉलिन पीटरसन बघा. १९९० पासून निवडून येत होते, हाउसच्या कृषी समितीचे अध्यक्ष होते आणि शेतकऱ्यांचा त्यांच्यावर विश्वास होता. मतदारसंघ मात्र २०१६ मध्येच तीस टक्क्यांनी ट्रम्प यांच्याकडे गेलेला. २०२० मध्ये पीटरसन पडले, आणि तेही तेरा टक्क्यांच्या फरकाने.

पायरी ५: पैसा वाचायला शिका

संघीय निवडणूक आयोगाच्या, म्हणजे एफईसीच्या संकेतस्थळावर प्रत्येक उमेदवाराचा हिशेब कोणालाही फुकट बघता येतो. मला ही सोय फार मोलाची वाटते. तिमाही अहवालांच्या तारखा लिहून ठेवा: १५ एप्रिल, १५ जुलै, १५ ऑक्टोबर आणि वर्षअखेरचा ३१ जानेवारीला.

पानावर नजर आधी एकूण जमा रकमेवर जाते. ती सोडा आणि खाली शिल्लक रोकड बघा. भरपूर गोळा करून भरपूर उडवणारे उमेदवार असतात. मग कर्जाची ओळ बघा. उमेदवाराने स्वतःच मोहिमेला उसने दिलेले पैसे तिथे दिसतात. स्वतःच्या पैशाने जाहिराती येतात, पाठिंबा येतोच असं नाही. त्यानंतर व्यक्तींकडून आलेल्या देणग्यांचे दोन भाग बघा: दोनशे डॉलर्सपर्यंतच्या आणि त्यावरच्या. लहान देणग्या खूप असतील तर उत्साह आहे, पण तो मतदारसंघातलाच आहे असं नाही. टीव्हीवर गाजणाऱ्या सदस्याच्या विरोधकाला देशभरातून पैसे येतात.

आव्हान देणाऱ्याकडे विद्यमान सदस्यापेक्षा जास्त रोकड असावी लागत नाही. लोकांना आपलं नाव कळेल एवढी असली तरी पुरते. विद्यमान सदस्याची शिल्लक लागोपाठ दोन तिमाहींत विरोधकापेक्षा कमी दिसली, तर तो चिंतेत असायला हवा आणि तुम्ही त्याच्या ओळीपुढे खूण करायला हवी.

ऑक्टोबरमध्ये पैशाचा दुसरा अर्थ लागतो. मोठ्या प्रचारगटांनी, म्हणजे रिपब्लिकनांच्या काँग्रेशनल लीडरशिप फंडाने आणि डेमोक्रॅट्सच्या हाउस मेजॉरिटी पॅकने, टीव्हीवरचा वेळ आधीच राखून ठेवलेला असतो. शेवटच्या आठवड्यांत कुठला वेळ रद्द होतो आणि कुठे नव्याने घेतला जातो, ते बघा. पक्षांकडे न छापलेल्या पाहण्या असतात. त्या पाहण्या काय म्हणतात, ते या हालचालींतून कळतं.

देणगीबद्दल एक गोष्ट नव्या लोकांनी पक्की ध्यानात ठेवावी. देणगी फक्त नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना देता येते. एच-१बी व्हिसावर असाल तर एक डॉलरही देऊ नका, कायद्याने मनाई आहे. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम करता येतं, मात्र मोहिमेच्या निर्णयांत भाग घ्यायचा नाही.

पायरी ६: प्रायमरी विसरू नका

आपल्याकडे विद्यमान आमदाराचं तिकीट पक्षश्रेष्ठी कापतात. अमेरिकेत ते मतदार कापतात, प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये अगदी सुरक्षित असलेला सदस्य जूनमध्ये घरी जाऊ शकतो. २०१४ मध्ये व्हर्जिनियात रिपब्लिकनांचे सभागृहनेते एरिक कँटर स्वतःच्या पाहणीत ३४ टक्क्यांनी पुढे होते, आणि हरले. २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जो क्राउली यांना अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ यांनी पाडलं. जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाला ज्या दहा रिपब्लिकनांनी मत दिलं, त्यांपैकी चौघं प्रायमरीत हरले, चौघं उभेच राहिले नाहीत आणि हाउसमध्ये परतले फक्त दोघं.

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार हे याचं आपल्या जवळचं उदाहरण. डेट्रॉइटचा त्यांचा तेरावा मतदारसंघ इतका डेमोक्रॅटिक आहे, की नोव्हेंबरचा प्रश्नच येत नाही. पण २०२२ ची नऊ जणांची प्रायमरी त्यांनी अवघ्या २८ टक्के मतांवर जिंकली. म्हणजे सत्तर टक्क्यांहून जास्त मतं इतरांत विभागली गेली होती. २०२४ ला ते पंचावन्नएक टक्क्यांवर गेले, तेही एक प्रमुख प्रतिस्पर्धी सह्या कमी पडल्याने मतपत्रिकेवरून बाद झाल्यावर. मिशिगनची प्रायमरी ४ ऑगस्ट २०२६ ला आहे. अशा जागेवर पीव्हीआय बघून काही कळत नाही. विरोधी मतं एकवटली आहेत की फुटली आहेत, हे मोजावं लागतं.

नियमही राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टनमध्ये सगळ्या पक्षांची एकच प्रायमरी होते आणि पहिले दोघं पुढे जातात. मेनमध्ये पसंतीक्रमाने मतदान होतं. यादीत राज्याच्या नावापुढेच हे लिहून ठेवा.

पायरी ७: आता तज्ज्ञांकडे जा

कुक, व्हर्जिनिया विद्यापीठाचा 'सॅबॅटोज क्रिस्टल बॉल' आणि 'इनसाइड इलेक्शन्स' हे तिघं प्रत्येक जागेला पक्की, बहुधा, झुकलेली आणि काठावर अशा श्रेणी देतात. तुमचा अंदाज लिहून झाल्यावरच त्या बघा, आधी पाहिल्यात तर तुमचं मन त्यांच्यामागे जाईल. फरक दिसला तर त्याचं कारण शोधा. बहुतेक वेळा त्यांना स्थानिक काहीतरी ठाऊक असतं. कधी मात्र त्यांचंही हुकतं. २०२२ मध्ये कोलोरॅडोच्या तिसऱ्या मतदारसंघात लॉरेन बोबर्ट यांची जागा बहुतेक सगळ्यांनी सुरक्षित धरली होती. त्या ५४६ मतांनी वाचल्या.

मतदारसंघाच्या पाहण्या थोड्याच होतात. चारशे लोकांच्या पाहणीत प्रत्येक आकडा पाचएक टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. उमेदवाराने स्वतःहून प्रसिद्ध केलेली पाहणी असेल तर ती त्याच्या सोयीची असते म्हणूनच प्रसिद्ध होते. तिला थोडंच वजन द्या.

पायरी ८: टक्केवारी लिहा आणि निकालाशी ताडून पाहा

'धोक्यात आहे' एवढं लिहून भागत नाही, कारण ते कधीच खोटं ठरत नाही. प्रत्येक नावापुढे हरण्याची शक्यता लिहा: दहा, तीस, पन्नास. दर तिमाही अहवालानंतर ती पुन्हा तपासा. जुना आकडा न खोडता शेजारी नवा लिहा, तारखेसह.

मतदानाच्या रात्री घाई करू नका. कॅलिफोर्नियात टपालाने आलेल्या मतांची मोजणी कित्येक आठवडे चालते. २०२४ मध्ये तिथल्या तेराव्या मतदारसंघात विद्यमान सदस्य जॉन डुआर्टे यांनी पराभव मान्य केला तो डिसेंबरमध्ये. ॲडम ग्रे यांच्यापुढे ते १८७ मतांनी हरले होते. त्याच्या आधीच्या खेपेला त्यांनी ग्रे यांनाच ५६४ मतांनी हरवलं होतं.

सगळे निकाल आले की तुमची तीस टक्क्यांची नावं एकत्र करा. दहापैकी तीनएक हरली असतील तर अंदाज बरोबर होता, एकही हरलं नसेल तर तुम्ही धोका फुगवून मांडलात. मग चुका कुठल्या बाजूच्या आहेत, ते पाहा. २०२० मध्ये बहुतेकांनी डेमोक्रॅट्सच्या जागा वाढतील असं म्हटलं होतं. प्रत्यक्षात नोव्हेंबरमध्ये १३ विद्यमान सदस्य हरले आणि तेराही डेमोक्रॅट होते. तुमच्या चुकाही अशा एकाच बाजूला गेल्या असतील तर हवेचा आकडा चुकला, तिसऱ्या पायरीकडे परत जा. दोन्ही बाजूंना विखुरल्या असतील तर हवा बरोबर होती. मग चौथ्या आणि पाचव्या पायरीचे रकाने एकेक करून तपासा.